शब्दशंका : गारठलेली बोटे, डावे हात आणि खाटकाची तिवई

‘क्लम्झी’ या इंग्रजी शब्दाला मराठीत एक नेमका प्रतिशब्द सापडत नाही, अशी तक्रार गेल्या अंकात एका वाचकाने केली होती. त्यावर, बेढब, वेंधळ्या किंवा तोल गेलेल्या हालचालींच्या इंग्रजी शब्दांविषयी इतरांच्या काही शंका असतील तर त्याही कळवाव्यात, असे आम्ही लिहिले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा बरीच आली. त्यांतील काही निवडक शंका आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करते आहे. एक जखमी माणूस जंगलातून वाट काढतो, असा त्यात प्रसंग आहे आणि त्याच्या चालण्यासाठी दोन पानांत ‘स्टंबल’, ‘स्टॅगर’, ‘लर्च’ आणि ‘टॉटर’ अशी चार क्रियापदे आली आहेत. माझ्या पहिल्या खर्ड्यात मात्र चारही ठिकाणी ‘अडखळला’ किंवा ‘लडखडला’ असेच उतरले. या चार शब्दांत खरोखर फरक आहे का? असल्यास तो मराठीत कसा आणावा?
— एक अनुवादिका, सातारा

उत्तर : फरक आहे, आणि बिघाड नेमका कोठे झाला आहे हे पाहिले की तो लगेच ध्यानात येतो. ‘स्टंबल’मध्ये अडचण पावलाची असते. पाय कशाला तरी अडतो, चालण्याची लय तुटते आणि मग माणूस एक तर सावरतो किंवा पडतो. हा शब्द स्कँडिनेव्हियन भाषांच्या गोतावळ्यातला आहे आणि बोलताना जीभ अडणे या अर्थाचा ‘स्टॅमर’ हा शब्द त्याच मुळातून आलेला आहे. आपल्याकडेही ‘अडखळणे’ हे एकच क्रियापद पायाला आणि जिभेला दोन्हींना लागते, त्यामुळे ‘स्टंबल’साठी ते राखून ठेवावे. दगड किंवा झाडाची मुळी आडवी आली असेल, तर ‘ठेचकाळणे’ अधिक नेमके ठरेल.

‘स्टॅगर’मध्ये वाटेत काहीही आडवे आलेले नसते. हा शब्द जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या, भाषेतील ढकलणे, धक्का देणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. डोक्यात बसलेली काठी असो, ताप असो, दारू असो की वाईट बातमी असो, माणसाला धक्का बसलेला असतो आणि त्याचा सगळा देहच वाटेवरून डावीउजवीकडे फेकला जात असतो. ‘झोकांड्या खाणे’ आणि ‘भेलकांडणे’ हे आपले शब्द येथे चपखल बसतात. एखाद्या रकमेला ‘स्टॅगरिंग’ म्हणतात तेही ती ऐकणाऱ्याला धक्का देते म्हणूनच. मुंबईच्या लोकलची गर्दी कमी करण्यासाठी कार्यालयांच्या वेळा ‘स्टॅगर’ कराव्यात, असे आपण अधूनमधून वाचतो. त्यातही हीच नागमोडी कल्पना आहे, म्हणजे सगळ्यांना एका रेषेत उभे न करता मागेपुढे मांडणे.

‘लर्च’ हा शब्द जहाजावरून उतरलेला आहे. वारा ज्या दिशेने वाहतो त्या अंगाला जहाज एकाएकी कलंडते, त्या हिसक्याला १८व्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रज खलाशी या नावाने ओळखू लागले. घाटात एसटीने वळण घेतले की दांडा धरून उभा असलेला प्रवासी जसा शेजाऱ्याच्या अंगावर जातो, ती हालचाल म्हणजे ‘लर्च’. तेथे ‘एका अंगाला कलंडला’ किंवा ‘झोक गेला’ असे लिहावे. एखाद्याला ऐन वेळी तोंडघशी पाडणे या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारातही ‘लर्च’ येतो, पण त्याचा जहाजाशी संबंध नाही. तो एका जुन्या फ्रेंच सोंगट्यांच्या खेळाच्या नावावरून आला आहे आणि त्या खेळात फार मागे पडून हरणे, असा त्याचा अर्थ होता. ‘टॉटर’ हा डच भाषेतील झोके घेण्याच्या शब्दाचा नातलग आहे. पडण्याच्या आधीची, अजून न पडलेल्याची ही डळमळ आहे, त्यामुळे ‘लटपटणे’ किंवा ‘डगमगणे’ चालेल. ‘लडखडणे’ हिंदीतून आले आहे. ते हल्ली मराठीत सर्रास वापरले जात असले, तरी घरात इतके शब्द असताना ते उसने घेण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

जाता जाता एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. स्टंबल, वॉडल, हॉबल, शफल, टॉडल, फंबल, टंबल या सगळ्या शब्दांच्या शेवटी ‘ल’ आहे. यांतील बहुतेक ठिकाणी तो पुनरावृत्तीचा प्रत्यय आहे. ‘स्पार्क’ म्हणजे एक ठिणगी, तर ‘स्पार्कल’ म्हणजे पुन्हा पुन्हा चमकणे. ‘वेड’ म्हणजे पाण्यातून पाय टाकणे, तर ‘वॉडल’ म्हणजे तसेच पाय टाकत डुलत राहणे. ‘स्टॅगर’मधला ‘र’ही त्याच कामाचा आहे. बेढब हालचाल एकदा होऊन थांबत नाही, ती होतच राहते, हे इंग्रजीने शेपटीला अक्षर लावून दाखवले, तर मराठीने लटपट, डगमग, धडपड, फरफट, दुडुदुडु असे शब्दालाच दोन पावले टाकायला लावून दाखवले.

प्रश्न : ‘क्लम्झी’ शब्दाचा मूळ अर्थ काय? विद्यार्थ्यांना तो ‘गबाळा’ असा सांगितलेला चालेल का?
— नववीच्या एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : ‘गबाळा’ नको, कारण त्यात कपड्यांचा आणि नीटनेटकेपणाचा मुद्दा येतो. ‘क्लम्झी’ हा मुळात हातांचा आणि तोही थंडीचा शब्द आहे. मध्ययुगीन इंग्रजीत थंडीने बधिर होणे या अर्थाचे ‘क्लम्स’ असे एक क्रियापद होते. विल्यम लँगलंड यांच्या १४व्या शतकातील काव्यात ते याच अर्थाने येते आणि नॉर्वे-स्वीडनमधील बोलींत त्याची भावंडे आहेत. रत्नागिरीच्या हवेत याची कल्पना येणे अवघड आहे, पण महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे गारठलेल्या बोटांनी सदऱ्याचे बटण काजात घालण्याचा प्रयत्न केला असेल, तर या शब्दाचा मूळ अर्थ आपल्याला पाठ आहे. बोटे आहेत, बटण आहे, काय करायचे तेही ठाऊक आहे. मात्र बोटांना कशाचा स्पर्शच कळत नसल्याने बटण तीनदा निसटते. या अवस्थेचे नाव पुढे सवयीने तसे वागणाऱ्या माणसाला मिळाले.

हा शब्द १६व्या शतकाच्या अखेरीस लिखाणात आला, तेव्हा तो काहींना अगदीच अडाणी वाटला. बेन जॉन्सन या नाटककाराने १६०१ साली ‘पोएटॅस्टर’ या नाटकात आपल्या एका प्रतिस्पर्धी कवीची टर उडवली आहे. त्या कवीचे सोंग घेतलेल्या पात्राला रंगमंचावर वांतीचे औषध दिले जाते आणि त्याच्या पोटातून त्याने वापरलेले अवजड शब्द एकेक करून बाहेर पडतात. त्या ओकलेल्या शब्दांत ‘क्लम्झी’ आहे. गंमत अशी की त्याच यादीत ‘कॉन्शस’, ‘स्ट्रेन्युअस’ आणि ‘रेसिप्रोकल’ हेही आहेत, आणि आज यांतील एकही शब्द कोणाला मळमळवत नाही.

हातांच्या बाबतीतील आणखी दोन शब्द विद्यार्थ्यांना आवडतील. सगळी बोटे अंगठे असणे हा वाक्प्रचार जॉन हेवूड यांच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहातही सापडतो. ‘बटरफिंगर्स’ची कुळकथा मात्र स्वयंपाकघरातली आहे. जर्व्हेस मार्कम यांनी १६१५ साली गृहिणींसाठी लिहिलेल्या पुस्तकात असे बजावले आहे की, स्वयंपाक करणारीची बोटे लोण्याची नसावीत, नाही तर हातात घेतलेले सगळे खाली पडेल. तेथून हा शब्द क्रिकेटच्या मैदानावर गेला आणि डिकन्स यांच्या ‘पिकविक पेपर्स’मधील सामन्यात झेल सोडणाऱ्यांना ती शिवी म्हणून मिळाली. ‘क्लम्झी’ला वर्गात ‘वेंधळा’ किंवा, वस्तू पाडणे-फोडणे असेल तेथे, ‘धसमुसळा’ सांगावे. एक प्रतिशब्द सापडत नाही याचे कारण हेच आहे की मराठीने या एका शब्दाची वाटणी केली आहे. लक्ष नसल्याने चुकतो तो वेंधळा, घाईमुळे चुकतो तो धांदरट आणि जोर आवरत नाही म्हणून चुकतो तो धसमुसळा.

प्रश्न : मी डावखुरा आहे. इंग्रजीतले ‘गॉश’, ‘ऑक्वर्ड’, ‘मॅलॅड्रॉइट’ हे सगळे शब्द डाव्या हाताला दिलेल्या शिव्या आहेत, असे एका मित्राने सांगितले. हे खरे आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तीनपैकी एक शब्द सरळ शिवी आहे, दुसरा आडवळणाने आहे आणि तिसऱ्यावरचा आरोप खोटा आहे. ‘गॉश’ म्हणजे फ्रेंचमध्ये चक्क ‘डावा’. १८व्या शतकात इंग्रजीने तो उचलला तो ‘चारचौघांत कसे वागावे हे न कळणारा’ अशा अर्थाने. फ्रेंचमध्येही हा शब्द डाव्या हाताला नंतर मिळाला. त्याआधी तेथे लॅटिन ‘सिनिस्टर’पासून आलेला शब्द होता. ‘सिनिस्टर’चे इंग्रजीत पुढे काय झाले ते आपण जाणताच, तो तर वेंधळेपणावरही न थांबता थेट दुष्टपणापर्यंत गेला.

अकुशल या अर्थाच्या ‘मॅलॅड्रॉइट’मध्ये डाव्याचा उल्लेखही नाही. ‘अॅड्रॉइट’ म्हणजे मुळात ‘सरळ, रीतसर’, आणि त्याच्या आधी ‘वाईट’ या अर्थाचा ‘माल’ लावला आहे. पण फ्रेंच ‘द्र्वा’ या शब्दाचे ‘सरळ’ आणि ‘उजवा’ असे दोन्ही अर्थ होतात, त्यामुळे सरळ नसलेला आणि उजवा नसलेला एकाच दावणीला बांधले गेले. यात फ्रेंचांना नावे ठेवण्यापूर्वी आपण आपला ‘उजवा’ पाहावा. संस्कृत ‘ऋजु’ म्हणजे सरळ. त्यापासून प्राकृतात ‘उज्जु’, जुन्या मराठीत सरळ या अर्थाचा ‘उजू’, आणि त्याच घरातला आपला ‘उजवा’. पॅरिस आणि पैठण यांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट केली. पुढे ‘हा त्याच्यापेक्षा उजवा’ म्हणजे सरस असे झाले आणि डाव्याच्या वाट्याला ‘डावलणे’ आले. बेढब या अर्थाचा ‘अनगेनली’ हा इंग्रजी शब्दही याच सरळपणाच्या पंथातला आहे, कारण जुन्या नॉर्समधील ‘सरळ, सोयीचा’ या अर्थाच्या शब्दाला त्यात नकार जोडलेला आहे.

‘ऑक्वर्ड’ मात्र निर्दोष आहे. जुन्या नॉर्समधील ‘उलट फिरलेला’ या अर्थाच्या शब्दाला ‘फॉरवर्ड’, ‘बॅकवर्ड’ यांच्यात दिसतो तो दिशादर्शक प्रत्यय लागून हा शब्द बनला. तलवारीचा उलट्या हाताने केलेला वार या अर्थानेही तो जुन्या कथांत येतो. मराठीतील ‘उफराटा’ हा त्याचा जुळा भाऊ शोभेल. आज आपण ‘ऑक्वर्ड वाटले’ म्हणतो त्यात संकोचाचा अर्थ आहे. तो बराच नंतरचा आहे.

आपल्यासाठी एक दिलाशाची गोष्टही आहे. लॅटिनमध्ये उजव्याला ‘डेक्स्टर’ म्हणतात. तो आणि संस्कृत ‘दक्षिण’ हे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. दोन्ही हात सारखेच चालणाऱ्याला इंग्रजीत ‘अँबिडेक्स्ट्रस’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ज्याचे दोन्ही हात उजवे आहेत असा. विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपल्या दहा नावांचे अर्थ सांगतो, तेव्हा ‘सव्यसाची’ या नावाचा खुलासा तो नेमक्या याच कल्पनेने करतो : गांडीव ओढताना माझे दोन्ही हात दक्षिण, म्हणजे उजवेच आहेत, म्हणून देव आणि माणसे मला सव्यसाची म्हणतात. मात्र येथे एक फरक आहे आणि तो डावखुऱ्यांनी जरूर मिरवावा. इंग्रजीने कौतुक करताना डाव्या हाताचे नावच पुसून टाकले, तर संस्कृतने नाव ठेवताना ‘सव्य’ म्हणजे डावा हातच पुढे केला.

प्रश्न : मी गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहतो. जवळच्या यॉर्क शहरात ‘द शॅम्बल्स’ नावाची एक जुनी, अरुंद गल्ली आहे. पाय फरफटत, खिळखिळ्यासारखे चालणे या अर्थाचे ‘शॅम्बल’ हे क्रियापद आणि या गल्लीचे नाव यांचा काही संबंध आहे का, की नुसता योगायोग आहे?
— एक वाचक, लीड्स

उत्तर : संबंध आहे, आणि या साऱ्या गोतावळ्यात आम्हाला सर्वांत आवडणारी कथा हीच आहे. लॅटिनमध्ये छोट्या बाकाला ‘स्कॅमेलुम’ म्हणत. तो शब्द जुन्या इंग्रजीत चौरंग, तिवई अशा अर्थाने आला. पुढे बाजारात माल मांडण्याच्या टेबलाला आणि १४व्या शतकापासून विशेषतः मांस विकण्याच्या टेबलाला तो लागला. अशी टेबले ओळीने लावलेली गल्ली म्हणजे ‘शॅम्बल्स’. आपण पाहिलेल्या गल्लीत दुकानांच्या खिडक्यांखाली रुंद फळ्या आणि काही ठिकाणी वरती लोखंडी आकडे आहेत. फळीवर मांस मांडले जाई आणि आकड्यांना ते टांगले जाई. घरांचे वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे आले आहेत की खाली फारसे ऊन पोहोचत नाही, आणि त्या धंद्याला ते सोयीचेच होते.

येथून शब्दाच्या दोन वाटा झाल्या. एक वाट मांसाच्या मागे गेली : मांसाचा बाजार, मग कत्तलखाना, मग रणांगणावरचा रक्तपात, आणि अखेर २०व्या शतकात नुसता गोंधळ, पसारा. अर्थव्यवस्था ‘शॅम्बल्स’मध्ये आहे, असे आपली इंग्रजी वर्तमानपत्रे लिहितात तेव्हा त्यांना रक्ताचे पाट अभिप्रेत नसतात. दुसरी वाट टेबलाच्या पायांमागे गेली. खाटकाचे ते टेबल म्हणजे लाकडी घोडीवर टाकलेली फळी. घोडीचे पाय बाहेरच्या बाजूला तिरके फाकलेले आणि रोजच्या घावांनी खिळखिळे झालेले असत. ज्याचे पाय तसे फेंगडे पडत त्याला लोक ‘शॅम्बल-पायांचा’ म्हणू लागले आणि १७व्या शतकात त्यावरून चालण्याचे क्रियापद तयार झाले, असा बहुतेक कोशकारांचा कौल आहे. म्हणजे ‘शॅम्बल’ करत येणारा माणूस हा मुळात चालू लागलेले टेबल आहे. अनेक भाषाशास्त्रज्ञ या लॅटिन बाकाचे नाते संस्कृत ‘स्कंभ’, म्हणजे आधार, टेकू, याच्याशी जोडतात, आणि ‘स्कंभ’ म्हणजेच आपला ‘खांब’. घरातला खांब मात्र सुदैवाने उभाच राहिला.

यॉर्कच्या जवळ आहातच, तर तेथे आणखी एक पाहा. स्टोनगेट, पीटरगेट, कॉपरगेट या रस्त्यांच्या नावांत कोठेही दरवाजा नाही. शहराच्या वेशींना तेथे ‘बार’ म्हणतात. हा ‘गेट’ म्हणजे जुन्या नॉर्समधील ‘गाता’, अर्थात रस्ता. यॉर्क ८६६ साली व्हायकिंगांनी घेतले, त्या वस्तीची ही खूण आहे. चालण्याची ढब या अर्थाचा ‘गेट’ हा शब्द, जो इंग्रजीत वेगळ्या रीतीने लिहितात, तो याच रस्त्यावरून आला आहे. ‘गती’ आणि ‘गेट’ एकच असल्याचे अनेकदा सांगितले जाते. ते मोहक आहे, पण खोटे आहे. संस्कृत ‘गम्’चा खरा इंग्रजी भाऊबंद म्हणजे ‘कम’. एकाच धातूचे आपल्याकडे ‘जाणे’ झाले आणि त्यांच्याकडे ‘येणे’.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे. ‘वॉडलिंग’, ‘शफलिंग’ आणि ‘अॅटॅक्सिक’ अशा चालींची वर्णने रुग्णांच्या नातेवाइकांना मराठीत समजावून सांगताना अडचण येते. योग्य शब्द सुचवाल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘वॉडल’साठी ‘बदकासारखे डुलत चालणे’ हे लोकांना चटकन समजते. कमरेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दुबळे असले की उचललेल्या पायाकडे कंबर खाली झुकते आणि तोल राखण्यासाठी धड उलट बाजूला जाते, हे त्या शब्दात बरोबर दिसते. ‘शफल’ हा ‘ढकलणे’ या अर्थाच्या ‘शव्ह’चा नातलग आहे, पाऊल उचलायचे नाही, पुढे सारायचे. पार्किन्सनच्या आजारातील चालीसाठी ‘पाय न उचलता घासत चालणे’ असे सरळ सांगावे, आणि ती पुढे पुढे धावल्यासारखी होत असेल तर तेही जोडावे. ‘पत्ते पिसणे’ हा ‘शफल’चा दुसरा अर्थ येथे सुचूही नये.

‘अॅटॅक्सिया’ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ ‘क्रम नसणे’. लहान मेंदूच्या बिघाडात पावले फाकून आणि वेडीवाकडी पडतात. त्यासाठी ‘तोल नसलेली चाल’ म्हणावे. ‘दारू प्यायल्यासारखी चाल’ हे वर्णन वैद्यकीय पुस्तकांत असले आणि डोळ्यांपुढे चित्रही नेमके उभे करत असले, तरी जन्मभर थेंबाला न शिवलेल्या आजोबांच्या नातेवाइकांपुढे ते न केलेले बरे. तीच गोष्ट मुलांची. हालचालींचा मेळ बसण्यास अडचण येणाऱ्या मुलांच्या अवस्थेला पूर्वी खुद्द डॉक्टर ‘क्लम्झी चाइल्ड सिंड्रोम’ म्हणत. ते नाव आता मागे पडले आहे, आणि आपणही अहवालात ‘वेंधळे मूल’ असे लिहू नये.

‘हॉबल’ आपण विचारलेला नाही, पण उपयोगी पडेल. ‘लिंप’मध्ये एक पाय लंगडतो, ‘हॉबल’मध्ये सगळी चालच आखूड आणि कष्टाची होते. घोड्याचे पाय बांधणे यालाही ‘हॉबल’ म्हणतात, म्हणजे आपला ‘पायबंद’. १९१०च्या सुमारास घोट्यांपाशी आवळलेल्या ‘हॉबल स्कर्ट’ची टूम निघाली तेव्हा त्या पोशाखातल्या स्त्रियांना ट्रामची पायरी चढवेना, आणि १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये खास बिनपायरीच्या ट्रामगाड्या आल्या.

प्रश्न : बुद्धिबळात आम्ही ‘ब्लंडर झाला’ म्हणतो. त्याचा चालण्याशी काही संबंध आहे का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सांगली

उत्तर : आहे. जुन्या नॉर्समध्ये ‘ब्लुंडा’ म्हणजे डोळे मिटणे. इंग्रजीत ‘ब्लंडर’ म्हणजे आधी आंधळ्यासारखे चाचपडत, धडकत चालणे होते; घोडचूक हा अर्थ मागाहून आला. जिच्यापुढे आपण दोन प्रश्नचिन्हे लावता ती खेळी बहुधा अशीच असते. वजीर मारात आहे हे समोर दिसत होते, फक्त डोळे मिटलेले होते.

प्रश्न : बातमीत ‘कंपनी फ्लाउंडर झाली’ की ‘फाउंडर झाली’?
— एक उपसंपादक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अर्थानुसार. ‘फाउंडर’ हे तळ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे, म्हणजे बुडून तळाला जाणे. ‘फ्लाउंडर’ म्हणजे चिखलात किंवा पाण्यात हातपाय मारत राहणे. पहिलीचे दिवाळे निघाले, दुसरी अजून गटांगळ्या खाते आहे. चुकीचा शब्द छापला तर तिच्या भागधारकांचे पत्र येईल.

प्रश्न : माणसांना लागणारे ‘क्लट्झ’ आणि ‘ओफ’ हे शब्द कोठून आले? तसेच ‘गलम्फ’ हा शब्द मुलीच्या पुस्तकात आला आहे. त्याला मराठीत काय म्हणावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘क्लट्झ’ हा युरोपातील ज्यूंच्या यिडिश भाषेतून अमेरिकन इंग्रजीत आला. मूळ अर्थ लाकडाचा ठोकळा, ओंडका. हातातून वस्तू पडणे, दारावर आपटणे, चहा सांडणे हा त्याचा प्रांत आहे, म्हणून ‘ठोंब्या’ हा शब्द जवळचा वाटला तरी टाळावा, कारण त्यात दोष बुद्धीला लागतो.

‘ओफ’ची कथा दुःखाची आहे. हा शब्द ‘एल्फ’चेच, म्हणजे यक्षासारख्या छोट्या अद्भुत जीवांच्या नावाचे एक रूप आहे. हे जीव माणसांचे गोजिरवाणे बाळ पळवतात आणि पाळण्यात आपले खुरटे, मंद मूल ठेवून जातात, अशी जुनी समजूत होती. त्या बदललेल्या मुलाला १७व्या शतकात ‘ओफ’ म्हणत. आज तो आडदांड, बेढब पुरुषाला लागतो, आणि ज्या मुलांवरून तो आला त्यांचे घरोघरी काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. आपल्या ‘अजागळ’लाही असाच एक विसरलेला जीव चिकटलेला आहे. अजा म्हणजे शेळी. तिच्या गळ्याखाली स्तनांसारख्या दोन लोळ्या लोंबतात आणि त्यांतून दूध येत नाही. म्हणून संस्कृतात निरुपयोगी गोष्टीला ‘अजागलस्तन’ म्हणत. त्यातला गळा उरला आणि शेळी गेली.

‘गलम्फ’ हा शब्द लुईस कॅरल यांनी १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मधील एका कवितेत घडवला. ‘गॅलप’, म्हणजे घोड्याची भरधाव दौड, आणि ‘ट्रायम्फ’, म्हणजे विजय, हे दोन्ही त्यात ऐकू येतात. राक्षसी प्राण्याला मारून त्याचे मुंडके घेऊन कवितेतला मुलगा घरी परततो तो आनंदाने उड्या मारत. लोकांनी मात्र शब्दाचा आवाज तेवढा ऐकला आणि त्याला जड, धप्प पावलांचा अर्थ दिला. आज कोशांत तोच आधी सापडतो. त्यामुळे मुलीच्या पुस्तकात हत्तीचे पिल्लू ‘गलम्फ’ करत असेल, तर ‘धबाधबा’ लिहावे. मात्र तीच मूळ कविता असेल, तर ‘टापा टाकत, मिरवत आला’ असे काहीतरी करावे.